विश्लेषण : धडधाकट माणसालाही बुरशी का गाठते? मुकुटबनसारख्या शेती-खाणपट्ट्याने काय लक्षात ठेवावे?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, ‘काळी बुरशी’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. म्युकरमायकोसिसच्या रुग्णसंख्येत महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये देशात आघाडीवर होती. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. त्या काळात एक समजूत पक्की झाली : मधुमेह असेल, स्टिरॉइड घेतले असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावली असेल, तरच बुरशीचा संसर्ग होतो.

ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे, पण पूर्ण खरी नाही. साखर नाही, एचआयव्ही नाही, कॅन्सर नाही, रोज वावरात राबणारा माणूस. अशांनाही गाठणाऱ्या काही बुरशी आहेत. हे आजार दुर्मीळ आहेत. पण दुर्मीळ असल्यामुळेच ते डॉक्टरांच्या मनात उशिरा येतात आणि तोवर पाय, डोळा किंवा जीव धोक्यात आलेला असतो.

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबन परिसरात कापूस, तूर, सोयाबीनची शेती आहे. चुनखडी, कोळसा आणि सिमेंटचे कामही आहे. माती, काटा आणि धूळ यांच्याशी इथल्या माणसाचा रोजचा संबंध. हा लेख कुठल्याही साथीची बातमी देत नाही. धोका नेमका कुठे आहे आणि कुठे नाही, एवढेच तो सांगतो.

बुरशी सहसा निरोगी माणसाला का होत नाही?

आपण प्रत्येक श्वासासोबत बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आत घेतो. कडब्याची गंजी हलवली, जुने धान्य उपसले की त्यांचा लोटच उठतो. तरीही आपण आजारी पडत नाही.

याची कारणे तीन. पहिले, शरीराचे तापमान. आजवर नावे दिलेल्या बुरशींच्या प्रजाती दीड लाखाच्या आसपास आहेत. त्यातील बहुतेकींना ३७ अंश सेल्सिअसची उष्णता मानवत नाही. माणसाला आजारी पाडू शकणाऱ्या प्रजाती काही शेच आहेत. दुसरे, अखंड त्वचा आणि श्वासनलिकेचे अस्तर. तिसरे, पांढऱ्या पेशी. आत शिरलेला बीजाणू रुजण्याआधीच त्या त्याला गिळून टाकतात.

मधुमेह अनियंत्रित असेल, केमोथेरपी सुरू असेल किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल तर ही तिसरी फळी कोसळते. २०२१ मध्ये तेच झाले.

मग निरोगी माणूस सापडतो कसा?

याचे तीन मार्ग आहेत.

एक, थेट आत पेरणी. बाभळीचा काटा, पऱ्हाटीचे धसकट किंवा अपघातात जखमेत घुसलेली माती बुरशीला त्वचेखाली नेऊन ठेवते. दारच उघडे सापडल्यावर प्रतिकारशक्ती चांगली असूनही लढाई कठीण होते.

दोन, बुरशीच ताकदवान असते. वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढणारी हिस्टोप्लाझ्मा, झाडांच्या कुजक्या खोडांत आढळणारी क्रिप्टोकॉकस गटी या बुरशी निरोगी फुप्फुसातही तग धरू शकतात. क्रिप्टोकॉकस गटी उष्ण प्रदेशापुरती आहे असे मानले जाई. १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर तिचा उद्रेक झाला आणि तो समज मोडला.

तीन, माणूस ‘निरोगी’ दिसतो, पण प्रतिकारशक्तीत एखादे बारीक छिद्र असते. ‘कार्ड नाइन’ नावाच्या जनुकात दोष असलेली व्यक्ती एरवी ठणठणीत असते; फक्त बुरशीपुढे तिचे शरीर हतबल ठरते. काहींच्या रक्तात स्वतःच्याच संरक्षक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. म्हणून खोलवरच्या बुरशी संसर्गाचा रुग्ण तरुण व सुदृढ असेल, तर तज्ज्ञ प्रतिकारशक्तीची तपासणीही सुचवतात. चुलत-मामे नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत अशा जनुकीय दोषाची शक्यता वाढते.

या आजारांच्या इतिहासात मुंबई कुठे आहे?

निरोगी शेतकऱ्याला काट्यातून होणाऱ्या बुरशीच्या आजाराचा पहिला सविस्तर शास्त्रीय अभ्यास मुंबईत झाला. पायाला सूज, त्यावर छिद्रे आणि छिद्रांतून पडणारे काळे-पांढरे दाणे, असा हा आजार. १८४२ मध्ये मदुराईतील दवाखान्याच्या अहवालात त्याची नोंद झाली. त्यावरून ‘मदुरा फूट’ हे नाव पडले.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी या आजारामागे बुरशी आहे हे मांडले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रे काढणारे कार्टर ते हेच.

त्यानंतर दीडशे वर्षे हा आजार गरिबांच्या पायापुरताच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारां’च्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये. पुढच्याच वर्षी क्रोमोब्लास्टोमायकोसिस आणि इतर खोलवरचे बुरशी आजार त्या यादीत आले. भारतात टीबी किंवा कुष्ठरोगासारखा राष्ट्रीय कार्यक्रम मायसेटोमासाठी नाही.

काट्याच्या जखमेतून कोणते आजार होतात?

मायसेटोमा : काटा रुतल्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तळपायावर गाठ येते. ती दुखत नाही आणि हाच धोका. लोक तिला कुरूप समजतात, ब्लेडने कापतात. नंतर नासूर होतो, दाणे पडू लागतात, हाडापर्यंत कीड जाते. दाण्यांचा रंग महत्त्वाचा. काळे दाणे असतील तर बहुधा बुरशी. पिवळसर किंवा लाल दाणे अनेकदा बुरशीसारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचे असतात आणि तो प्रकार अँटिबायोटिकने बरा होऊ शकतो. म्हणजे नेमके निदान झाले तर पाय वाचतो. न झाले तर कापण्याची वेळ येते.

क्रोमोब्लास्टोमायकोसिस : पायावर चामखिळीसारखे खरखरीत चट्टे येतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू पसरतात.

स्पोरोट्रायकोसिस : बोटाला काटा लागतो, तिथे फोड येतो आणि मग हातावर एका रेषेत मण्यांसारख्या गाठी उठतात. भारतात हा आजार हिमालयाच्या पायथ्याशी व ईशान्येकडे जास्त दिसतो.

बॅसिडिओबोलस : बेडूक-पालींच्या विष्ठेत आढळणारी ही बुरशी प्रामुख्याने लहान मुलांच्या मांडीवर किंवा कुल्ल्यावर कडक, न दुखणारी सूज आणते. कॅन्सरची गाठ म्हणून मोठी शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो. वास्तविक पोटॅशियम आयोडाइडसारख्या स्वस्त औषधाने किंवा इट्राकोनॅझोलने ती विरघळते.

अपघाताच्या जखमेत माती गेली तर?

इथे गोष्ट महिन्यांची नसते, तासांची असते. अ‍ॅपोफायसोमायसेस ही म्युकर गटातली बुरशी. तिची पहिली ओळख १९७९ मध्ये उत्तर भारतातील आमराईच्या मातीतून पटली. म्युकर गटातल्या इतर बुरशी मधुमेहींना शोधतात. ही मात्र निरोगी माणसाच्या मातीने माखलेल्या जखमेत वाढते. रस्ता अपघात, भाजणे, क्वचित अस्वच्छ इंजेक्शनची जागा, इथून ती सुरू होते आणि कातडी-मांस झपाट्याने काळे पाडत जाते.

याचे सर्वात ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. २२ मे २०११ रोजी मिसुरी राज्यातील जॉप्लिन शहराला चक्रीवादळाने झोडपले. जखमींपैकी १३ जणांना या बुरशीचा संसर्ग झाला आणि ५ जण दगावले. त्यातील बहुतेकांना आधी कोणताही मोठा आजार नव्हता. जखमांत माती, लाकडाच्या ढलप्या आणि काडीकचरा घुसला होता.

यातून घेण्याजोगा धडा साधा आहे. खाणीत, रस्त्यावर किंवा ट्रॅक्टरखाली झालेल्या मातीभरल्या जखमेला वरवर टाके घालून मोकळे होऊ नये. ती खोलवर धुवावी लागते. मलमपट्टी, अँटिबायोटिक चालू असूनही जखमेची कड काळी पडत चालली असेल, तर थांबून पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. सडलेला भाग तातडीने काढणे आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी सुरू करणे हेच उपचार.

डोळ्याला काय धोका आहे?

निरोगी शेतकऱ्यासाठी बुरशीचा सर्वात मोठा आणि फारसा दुर्मीळ नसलेला धोका हाच. सोयाबीन काढताना उडालेली काडी, तुरीच्या फांदीचा फटका, धानाचे कुसळ बुबुळाला ओरखडा काढते आणि फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस बुरशी तिथे रुजते. जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक डोळ्यांना असा संसर्ग होतो, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला.

सुरुवातीला लाली, पाणी, प्रकाश सहन न होणे. मग बुबुळावर पांढरा ठिपका. या टप्प्यावर स्टिरॉइड असलेले थेंब टाकले तर लाली कमी होते आणि रुग्णाला बरे वाटते. आत मात्र बुरशी मोकाट वाढते. औषध दुकानातून ‘डोळे आल्याचे’ थेंब आणून टाकणे म्हणूनच घातक. एरंडेल, पाल्याचा रस, अंगावरचे दूध हे प्रकारही तसेच.

उलट योग्य तपासणी अगदी साधी आहे. बुबुळावरचा खरवडा काचेवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. काही मिनिटांत बुरशीचे धागे दिसू शकतात. नॅटामायसिन हे थेंब त्यावरचे पहिले औषध. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोलपेक्षा, विशेषतः फ्युजेरियमविरुद्ध, सरस ठरले.

कोलकात्याच्या रुग्णाची चर्चा जगभर का झाली?

२०२३ मध्ये कोलकात्यातील एका ६१ वर्षीय वनस्पती-बुरशी अभ्यासकाची केस वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आवाज बसणे, खोकला, थकवा, गिळायला त्रास. मधुमेह, एचआयव्ही, किडनीचा आजार, जखम यांपैकी काहीही नव्हते. सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकेजवळ पू दिसला.

नेहमीच्या पद्धतींनी बुरशी ओळखता आली नाही. अखेर डीएनए तपासणीत नाव कळले : कॉन्ड्रोस्टेरियम परप्युरियम. गुलाबाच्या कुळातील झाडांची पाने चंदेरी करणारी ही बुरशी. माणसात तिची ही पहिली नोंद. पू काढून दोन महिने व्होरिकोनॅझोल दिल्यावर रुग्ण बरा झाला आणि दोन वर्षांच्या पाठपुराव्यात आजार परतला नाही.

या एका केसवरून पिकांच्या बुरशी माणसांवर चालून येत आहेत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हे अभ्यासक वर्षानुवर्षे कुजकी लाकडे, कवके, वनस्पतींच्या बुरशी हाताळत होते. कपाशी-सोयाबीनवरचा करपा शेतकऱ्याला होत नाही. पण कामाचे स्वरूप डॉक्टरांना सांगणे किती महत्त्वाचे आहे, हे या घटनेतून दिसते.

टीबी समजून चूक होते का?

होते, आणि विदर्भासाठी हा महत्त्वाचा मुद्दा आहे. ताप, वजन घटणे, खोकला, छातीच्या एक्स-रेवर डाग म्हटले की पहिला विचार टीबीचा येतो. आपल्याकडे तो योग्यच आहे. पण हिस्टोप्लाझ्मोसिसची लक्षणेही तीच. टीबीची औषधे नियमित घेऊनही उतार पडत नसेल आणि थुंकीत जंतू सापडलेलेच नसतील, तर बुरशीचा विचार व्हायला हवा.

दुसरा गोंधळ टीबी बरा झाल्यानंतरचा. फुप्फुसात उरलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस घर करते. काही महिने-वर्षांनी खोकला, थुंकीतून रक्त सुरू होते आणि ‘टीबी परत आला’ म्हणून तीच औषधे पुन्हा दिली जातात. रक्तातील अ‍ॅस्परजिलस प्रतिपिंडांची तपासणी हा प्रश्न सोडवू शकते. खाणीत किंवा सिमेंटच्या धुळीत काम करणाऱ्याच्या बाबतीत खोकल्याचे खापर धुळीवर फोडून तपासणी टाळली जाण्याची भीती अधिक. धूळ स्वतः बुरशी नव्हे. पण जुन्या खोकल्याला ती सोयीचे कारण ठरते.

याखेरीज सायनसमधली अ‍ॅस्परजिलसची गाठ निरोगी माणसाचा डोळा न दुखता हळूहळू पुढे ढकलते. क्लॅडोफियालोफोरा बँटियाना ही काळ्या रंगाची बुरशी थेट मेंदूत गळू करते. जगात नोंदल्या गेलेल्या तिच्या रुग्णांत भारतातील वाटा मोठा आहे आणि उपचार करूनही अनेक जण दगावतात.

निदान नेमके कुठे अडते?

बऱ्याचदा प्रयोगशाळेत नव्हे, तर नमुना पाठवण्याच्या पद्धतीत. गाठीचा तुकडा काढला की तो सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते. मग तिची वाढ करून नाव शोधता येत नाही. तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये पाठवला, की अर्धे काम होते. रुग्णाच्या नातेवाइकानेही ‘बुरशीच्या कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवता का?’ असे विचारायला हरकत नाही.

दुसरी अडचण वेळेची. काही बुरशी वाढायला तीन-चार आठवडे लागतात. दरम्यान रोजंदारी बुडते, रुग्ण परत येत नाही. चंडीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे; अवघड नमुने तिथे ओळखले जातात. पण गावापासून तिथपर्यंतची साखळी एका जरी कडीला तुटली, तरी निदान तुटते.

औषधे आहेत का?

आहेत, पण मोजकी. १ एप्रिल २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने बुरशीविरोधी औषधे व तपासण्यांवरचे आपले पहिले अहवाल प्रसिद्ध केले. त्यानुसार गेल्या दशकात अमेरिका, युरोप व चीनमधील नियामकांनी मिळून फक्त ४ नवी औषधे मंजूर केली. चाचण्यांमध्ये असलेली ९ आणि त्यातील अंतिम टप्प्यात पोहोचलेली केवळ ३. याच संघटनेने २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. मायसेटोमा, म्युकर, फ्युजेरियम व हिस्टोप्लाझ्मा या चारही तिच्या ‘उच्च प्राधान्य’ गटात आहेत.

मे २०२१ मध्ये अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुपीसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. तेव्हा वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले आणि कुपीची किंमत १२०० रुपये ठरली. राज्य सरकारने म्युकरमायकोसिसचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणले. इच्छाशक्ती असेल तर तुटवडा भरून काढता येतो, हे विदर्भानेच दाखवले. मात्र साथ ओसरली की ही तत्परताही ओसरते.

एक धागा थेट शेताशी जोडलेला आहे. पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल ही बुरशीनाशके आणि माणसाला दिली जाणारी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधे एकाच कुळातली. शेतमातीतील अ‍ॅस्परजिलस या कुळाला सरावली की माणसातही औषध चालत नाही. अशी सरावलेली बुरशी भारतात रुग्णांमध्ये आणि वातावरणात सापडल्याचे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. म्हणजे गरज नसताना केलेली फवारणी फक्त खिशाला भारी पडत नाही.

मुकुटबन परिसरात काय करता येईल?

घाबरण्याचे कारण नाही. रोज हजारो काटे रुततात आणि बहुतांश जखमा आपोआप भरतात. पण काही सवयी बदलण्यासारख्या आहेत.

– वावरात अनवाणी नको. धसकटांत चालताना उघडी चप्पल पुरत नाही. जाड तळाचा, पाय झाकणारा बूट हवा. मळणी व काढणीच्या वेळी साधा पारदर्शक चष्मा डोळा वाचवतो.

– काटा पूर्ण काढावा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. राख, चुना, शेण, तंबाखू लावू नये.

– काटा रुतलेल्या जागी न दुखणारी गाठ आली, ती वाढत असेल किंवा दाणे पडत असतील तर ती घरी कापू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी कोणतीही जखम डॉक्टरांना दाखवावी.

– डोळ्याला काडी लागली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. दुकानातून थेंब नकोत.

– नायटा-गजकर्णावर स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावू नयेत. औषधाला न जुमानणारा ट्रायकोफायटन इंडोटिनी हा त्वचेचा संसर्ग भारतात फोफावण्यामागे या मलमांचा गैरवापर हे एक प्रमुख कारण मानले जाते.

– डॉक्टरांना आपले काम सांगावे : शेती, खाण, लाकूड, कोंबड्या, जुने गोदाम. कोणती इंजेक्शने, गोळ्या झाल्या त्याचे कागद जवळ ठेवावेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी या सगळ्या बुरशींची नावे पाठ करावीत अशी अपेक्षा नाही. ‘ही साधी जखम नाही’ एवढे वेळेत ओळखून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम किंवा नागपूरच्या एम्सकडे योग्य नमुन्यासह पाठवले, तरी खूप झाले. ई-संजीवनीवर पायाचा, डोळ्याचा फोटो तज्ज्ञांना दाखवता येतो.

खरा प्रश्न कोणता?

देशात ५ कोटी ७० लाख लोकांना गंभीर बुरशी आजार असावा, असा अंदाज दिल्ली व कल्याणीचे एम्स, चंडीगडचे पीजीआय आणि मँचेस्टर विद्यापीठातील तज्ज्ञांनी मांडला आहे. हा अंदाजच आहे, कारण मोजणारी यंत्रणा तुटपुंजी आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस नोंदणीयोग्य आजार ठरला तेव्हा आकडे आले आणि आकडे आल्यावर औषधेही आली. काट्यातून आलेल्या गाठीची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

जो आजार मोजला जात नाही, त्यासाठी ना तपासणी जवळ येते, ना औषध साठवले जाते. झरी जामणीतल्या शेतमजुराचा पाय वाचवायचा असेल तर महागड्या यंत्राच्या आधी दोन गोष्टी लागतील : तालुका पातळीवर सूक्ष्मदर्शक व त्याखाली बुरशी ओळखू शकणारा तंत्रज्ञ, आणि अशा प्रत्येक रुग्णाची एका ओळीची नोंद. या दोन्हींचा खर्च एका कापलेल्या पायाने कुटुंबावर येणाऱ्या भारापेक्षा नक्कीच कमी आहे.